करदाता आहे किंवा कसे

साहेब, तुम्ही दोन तोंडांनी बोललात. एका तोंडानं माइकवर, दुसऱ्या तोंडानं कागदावर. माइकवर तुम्ही माझ्या बहिणीला करदाता म्हणालात तेव्हा सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. कागदावर ती करदाता निघाली म्हणून तुम्ही तिच्या पोरीची नर्सिंगची फीमाफी अडवून ठेवली. शब्द तोच, बाई तीच, आणि दोन्हीकडं तुम्हीच. मी तुमचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की तुम्ही नावावरून भांडाल आणि शब्द बाजूला राहील. मला शब्दाचं उत्तर पाहिजे.

मी धम्मानंद. कुरुंद्यात पाट्या रंगवतो. नववीत शाळा सुटली, पुढचं सगळं शिक्षण पाट्यांवर झालं. फ्लेक्स आल्यापासून दुकानांच्या पाट्या गेल्या, भिंती तेवढ्या उरल्या. हात धुवा, पाणी जिरवा, मुलगी शिकवा, हे आमच्या भागातलं निम्मं माझ्या हातचं आहे. जे रंगवायचं ते आधी वाचावं लागतं, त्यातून वाचायची खोड लागली, आणि वाचायच्या खोडीतून ही लिहायची.

एकदा 'सोमेश्वर कृषी सेवा केंद्र' या पाटीवर माझ्याकडून 'षी' सुटला. 'सोमेश्वर कृ सेवा केंद्र' अशी पाटी दुपारभर बसस्टँडसमोर लटकली. लोक चहा पिता पिता हसून राहिले होते. मालकानं माझा एक पैसा दिला नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याच रंगानं, माझ्याच शिडीवर चढून मी तो 'षी' घातला. बराबर केलं त्यानं. अक्षर मी गाळलं होतं, भरपाई मीच करायची.

हे लक्षात ठेवा साहेब. पुढं लागणार आहे.

माझी थोरली बहीण पद्माबाई. मी तिला आक्का म्हणतो. नवरा वारला तेव्हा पोरगी चौथीत होती. आक्का दुसऱ्याच्या हळदीत काम करते. पावसाळ्यात खुरपणी, उन्हाळ्याच्या तोंडाला काढणी, मग शिजवणीच्या वाफेत उभं राहणं. तिच्या पायाच्या भेगा बारा महिने पिवळ्या असतात. पोरगी ऐश्वर्या. घरी आक्काला मम्मी म्हणते आणि भाषणात आई.

भाषणाचं असं झालं. गेल्या हिवाळ्यात कॉलेजात वादविवाद स्पर्धा लागली. विषय होता, 'आयकर रद्द करून देशात एकच विक्रीकर लावावा'. चिठ्ठ्या टाकल्या. ऐश्वर्याच्या वाट्याला विरोधाची बाजू आली. ती माझ्याकडं वही घेऊन आली आणि म्हणाली, मामा, आपल्या घरात आयकर भरणारं कोणीच न्हाई, मी त्याच्यावर काय बोलू.

मी म्हटलं, तुझ्या मम्मीला विचारू.

आक्का ओसरीवर बसून चप्पल शिवून राहिली होती. मी विचारलं, या महिन्यात दुकानातून काय काय आणलं. तिनं न अडखळता सांगितलं. साबण, खोबरेल तेल, चहापत्ती, पोरीच्या मोबाईलचा रिचार्ज आणि हीच रबरी चप्पल, जी महिना झाला नाही तर तुटली. मी म्हटलं, या प्रत्येकात सरकारचा कर आहे. तू दिलेला. तिला पटेना. म्हणाली, मला तर कवा कोणी मागितला न्हाई. मी सांगितलं, मागत नाहीत, किमतीतच मिसळलेला असतो.

"म्हंजी भाजीत मीठ कालवल्यावानी," ती म्हणाली. "खाणाराला दिसत न्हाई, पर हाय."

ते वाक्य मी तसंच्या तसं भाषणात घातलं. भाषण माझं, ते वाक्य आक्काचं, आवाज पोरीचा.

स्पर्धेला तुम्ही प्रमुख पाहुणे होता. स्टेजवर मधल्या खुर्चीत. आक्का त्या दिवशी अर्धा रोज बुडवून आली होती आणि मागं, पाण्याच्या जारजवळ उभी होती. खुर्ची रिकामी होती तरी बसली नाही.

पहिल्यांदा प्रतिक्षा बोलली, वसमतच्या एका हळद व्यापाऱ्याची पोरगी. चांगली बोलली, खोटं कशाला सांगू. ती म्हणाली, या देशात मूठभर लोक आयकर भरतात आणि बाकीचे त्यांच्यावर जगतात. कमाई लपवता येते, खरेदी लपवता येत नाही. म्हणून आयकर बंद करा आणि विक्रीवर सगळ्यांना एकाच दराचा कर लावा. ना धाडी, ना नोटिसा, ना वकील. जो विकत घेईल तो भरेल, सगळे सारखे. तिचं थोडं मलाही पटलं. आमच्या गावात साठ एकराचा मालक आहे, ज्याच्या हळदीत आक्का राबते. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही. त्याच्या दारात दोन चारचाकी आहेत आणि आयकराच्या रकान्यात शून्य आहे, तेही कायद्यानं. प्रतिक्षाचा विक्रीकर निदान त्याच्या गाडीला तरी शिवला असता.

मग ऐश्वर्या उठली. म्हणाली, दर सारखा असला म्हणून ओझं सारखं होत नाही. माझी आई दहा रुपये कमावते आणि दहाचे दहा दुकानात देते, म्हणून तिच्या दहाच्या दहा रुपयांवर कर. ज्याच्या घरी दहा हजार येतात तो दोन हजार खर्च करतो आणि आठ हजार ठेवून देतो. त्या आठ हजारांना तुमचा विक्रीकर हात लावत नाही. त्याला अंगाला एकच साबण लागतो, माझ्या आईलाही एकच लागतो. मग सारखं काय झालं, साबण की माणूस? आणि मूठभर लोकच कर भरतात असं परत म्हणू नका. भाजीत मीठ असतं तसा आमच्या प्रत्येक वस्तूत कर आहे. माझी आई करदाता आहे.

दुसरा नंबर आला, तुमच्या हातून ढाल मिळाली. पहिला प्रतिक्षाचा. त्याचं मला काही नाही.

पण शेवटी तुम्ही माइक घेतला. तुम्ही विचारलं, या मुलीची आई आली आहे का. सगळ्यांनी वळून जारकडं पाहिलं. आक्कानं पदर डोक्यावर ओढला. तुम्ही बोट करून म्हणालात, "बघा, या माउली करदात्या आहेत. माझा पगार यांच्याही पैशातून होतो. आपण यांना नमस्कार केला पाहिजे." आणि तुम्ही स्टेजवरून हात जोडले. आम्ही ते मोबाईलमध्ये घेतलेलं आहे. हललेलं आहे, पण आवाज साफ आहे.

घरी जाताना अर्ध्या वाटेत आक्का थांबली. मग म्हणाली, "धम्मा, दाता म्हणले रं मला."

तुम्हाला यातलं काय कळणार, म्हणून सांगतो. आक्काचं नाव आजवर ज्या ज्या यादीत गेलं ती यादी घेणाऱ्यांची होती. लाभार्थी, निराधार, दारिद्र्यरेषेखालील. देणाऱ्यांची यादी आमच्या विहाराच्या भिंतीवर आहे, ती मीच रंगवली. वर निळ्या रंगात 'दाते' आणि खाली नावं. पाचशे एकच्या आतल्यांची नावं भिंतीवर घ्यायची नाहीत असं ठरलं होतं. आक्कानं दिलं होतं, पण तेवढं नव्हतं. मी सगळी नावं रंगवत होतो आणि ती खाली उभी राहून शिडी धरून होती. तेव्हा ती काही बोलली नव्हती. आता बोलली.

बारावीनंतर ऐश्वर्याचं नांदेडला एका नर्सिंग कॉलेजच्या यादीत नाव लागलं. फी आमच्या सात जन्मात भरून होणार नव्हती, पण तुमच्या ऑफिसातून एक फीमाफीची योजना चालते. मजुरांच्या लेकरांसाठी. फॉर्म ऑनलाइन. नरसिंग आमच्या बसस्टँडवर सेवा केंद्र चालवतो, आमच्याच आळीतला. तो विचारत गेला, पोरगी सांगत गेली, तो टिकल्या मारत गेला. मी बाजूलाच उभा होतो.

रकाना क्रमांक चौदा. 'कुटुंबातील कोणी सदस्य करदाता आहे काय? होय / नाही.'

नरसिंगनं वाचलं आणि 'नाही'वर बोट नेलं. ऐश्वर्या म्हणाली, थांबा, आहे की. मम्मी आहे.

नरसिंगला वाटलं पोरगी गंमत करून राहिली. म्हणाला, काहून गं, तुझी माय कारखानदार कधी झाली. ती म्हणाली, सगळेच भरतात, दादा, खुद्द साहेब म्हणले होते. खाली लिहिलंय, माहिती खोटी दिली तर कारवाई. मी खोटं काहून लिहू?

नरसिंगनं माझ्याकडं पाहिलं. मी, साहेब, मान हलवली. हो म्हणालो. भिंतीवर अक्षर चुकलं तर शिडी लावता येते, इथं नरसिंगनं बटण दाबलं आणि खेळ संपला. या गोष्टीतला माझा गुन्हा एवढा आहे आणि तो मी तुमच्या आधी कबूल करतो. पण मला त्या घडीला तो गुन्हा वाटला नाही. मला वाटलं, पोरगी भाषण जगून राहिली.

बारा दिवसांनी मोबाईलवर आलं, 'अर्ज अपात्र. कारण : कुटुंब करदाता.'

त्याच दिवशी त्या साठ एकरवाल्या मालकाच्या पोराचा अर्ज पात्र झाला. त्यानं चौदाव्या रकान्यात 'नाही' लिहिलं होतं आणि ते खरं होतं. त्याचा बाप आयकर भरत नाही. मजुराचं लेकरू असल्याचा दाखला त्यानं कुठून आणला ते मी विचारत नाही, एका वेळी एकच प्रश्न. तेव्हा आमच्या अख्ख्या गावात सरकारी कागदावर एकच करदाता उरला, आणि ती म्हणजे हळदीत खुरपणारी पद्माबाई.

आम्ही तिघं हिंगोलीला आलो. तुमच्या ऑफिसातल्या खिडकीवर एक मॅडम आहेत. वाईट नाहीत. त्यांनी कागद पाहिला आणि कपाळाला हात लावला. म्हणाल्या, अगं बाळा, करदाता म्हणजे आयकर भरणारा.

मी विचारलं, मग फॉर्मवर 'आयकर' काहून लिहिलं नाही. त्यांनी फॉर्म परत वाचला, जणू पहिल्यांदाच. म्हणाल्या, असेल जागा कमी, 'आय' गाळली असेल.

आक्काला नीट ऐकू गेलं नव्हतं. तिनं मला हळूच विचारलं, "आयलाच गाळलं का त्यायनं?"

मॅडमला हसू आलं. मलाही आलं.

मॅडमनी मार्ग सांगितला. दुरुस्ती अर्ज करायचा. त्यासोबत आईनं लिहून द्यायचं की मी शासनाला कोणताही कर भरत नाही. मी म्हटलं, 'आयकर भरत नाही' असं लिहून देतो. त्या म्हणाल्या, नाही, नमुना ठरलेला आहे, त्यात 'कोणताही कर' आहे. नमुन्यात बदल केला तर वरून परत येतो.

आक्का म्हणाली, विचार करते. खिडकीवरच्या माणसाला विचार करते म्हणणारी बाई पहिल्यांदाच भेटली असावी, मॅडम बघतच राहिल्या.

आम्ही स्टँडवर येऊन बसलो. मी म्हटलं, आक्का, सही करून टाक, कागद आहे. ऐश्वर्या खाली बघून होती. आक्कानं पिशवीतून भाकर काढली, आम्हाला दिली, स्वतः घेतली नाही. म्हणाली, देत न्हाई असं लिहून द्यायचं म्हंजी, धम्मा, दिलेलं बी गेलं आणि दिल्याचं नाव बी गेलं. मग पोरीकडं पाहून म्हणाली, चल, कर तो अर्ज. तुझ्याहून मोठं न्हाई ते.

कुरुंद्याला नरसिंगच्या केंद्रावर दुरुस्ती अर्ज भरला. अर्जाला शुल्क होतं. नरसिंगनं पावती काढली आणि पावती हातात धरून तो खुर्चीत मागं रेलला. मला म्हणाला, मामा, हे वाचा. पावतीवर दोन ओळी होत्या. पहिली, दुरुस्ती शुल्क. दुसरी, त्यावरील कर. खाली भरणाऱ्याचं नाव, पद्माबाई.

मी कर भरत नाही असं सांगायच्या अर्जावर तिच्याकडून कर घेतला होता. आणि ती पावती अर्जाला जोडणं बंधनकारक होतं. टाचणीनं, वरच्या डाव्या कोपऱ्यात.

नरसिंग म्हणाला, "मावशी, आता तुमी पक्क्या करदात्या. पावती हाय तुमच्यापाशी."

आक्कानं पावतीची घडी केली आणि ब्लाउजच्या आत ठेवली. मूळ पावती. अर्जाला आम्ही झेरॉक्स जोडली. मग तिनं नमुन्यावर सही केली. ती सही सावकाश करते, एकेक अक्षर ओढून, साक्षरता वर्गात शिकल्यासारखी. 'मी शासनाला कोणताही कर भरत नाही' या ओळीखाली 'पद्माबाई' लिहायला तिला बराच वेळ लागला. शेवटचा 'ई' काढताना पेन थांबला होता. मी पाहिलं. पोरीनंही पाहिलं, म्हणून ती केंद्राच्या बाहेर जाऊन उभी राहिली.

आम्हाला वाटलं, सुटलो.

आठ दिवसांनी परत खिडकी. मॅडमच्या समोर दोन कागद होते, पहिला अर्ज आणि दुरुस्ती. त्यांचा आवाज बदललेला होता. म्हणाल्या, आता अडचण झाली. पहिल्या कागदावर करदाता आहे म्हणून लिहिलंय, दुसऱ्यावर नाही म्हणून. दोन्हीतला एक खोटा आहे. पहिला खरा असेल तर तुम्ही अपात्र, कारण करदाता. दुसरा खरा असेल तर पहिल्यात खोटी माहिती दिली. नियम एकवीस, खोटी माहिती देणारा तीन वर्षं अपात्र.

मी म्हटलं, मॅडम, म्हणजे खरं बोललो तरी बाहेर आणि खोटं बोललो तरी बाहेर.

त्या म्हणाल्या, मी नियम सांगितला. साहेबांना भेटा.

आणि मग आम्ही तुमच्यासमोर आलो, साहेब. दोन तास बाकावर बसून. तुम्ही ओळखलंत, हे कबूल करतो. तुम्ही पोरीला म्हणालात, अरे वा, तू ती मिठाची भाजीवाली. पाणी मागवलंत. खुर्च्या दिल्यात. या वेळी आक्का बसली.

पोरीनं सगळं सांगितलं. शांत सांगितलं, आवाज चढवला नाही. तुम्ही ऐकून हसलात आणि म्हणालात, "ते भाषण होतं, बेटा. भाषणात तसं म्हणतात."

आक्का म्हणाली, "भाषण तिचं होतं, साहेब. तुमी तर बक्षीस वाटल्यावर बोलले होते."

तुम्ही समजावून सांगितलंत. बोलायची भाषा वेगळी, शासनाची वेगळी. शासनात करदाता म्हणजे फक्त आयकर भरणारा. बाकी जे काही साबणाबिबणावर जातं तो अप्रत्यक्ष कर, तो धरत नाहीत.

मग आक्कानं ब्लाउजमधून पावती काढली. घामानं ओलसर झाली होती. तुमच्या काचेच्या टेबलावर तिनं ती उलगडली, हातानं सरळ केली आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. तिचं नख पिवळं होतं.

"मग हे काय कापलं, साहेब?"

तुम्ही चष्मा लावून वाचलं. "ते सगळ्यांनाच लागतं, मावशी."

"पोरगी तेच म्हणून राहिली," आक्का म्हणाली.

तुम्ही घंटी वाजवलीत, मॅडमना बोलावलंत आणि फाईल सादर करा म्हणालात. आम्हाला म्हणालात, बघतो. एक सल्लाही दिलात. पोरीनं वेगळा अर्ज द्यावा की पहिला फॉर्म भरताना मला अर्थ समजला नाही, अनवधानानं चूक झाली. मग खोटेपणा येत नाही, अज्ञान येतं. अज्ञानाला माफी आहे.

ऐश्वर्यानं तिथंच टेबलावर कागद घेतला. 'मला अर्थ समजला नाही' एवढं लिहिलं आणि थांबली. म्हणाली, "मामा, मला समजला होता."

मी तिला लिही म्हणालो. हो, मीच. जो मान हलवून होय म्हणाला तोच. तिनं लिहिलं. ज्या पोरीला तुम्ही समज आहे म्हणून ढाल दिली होती, तिच्याकडून तुम्ही समज नाही असं लिहून घेतलं, आणि तुमचा आवाज अगदी गोड होता. एका दुपारी तुम्ही आमच्या घरातून दोन गोष्टी काढून घेतल्या. आईचं देणं आणि पोरीची समज. आणि बदल्यात अजून काहीच दिलेलं नाही, कारण फाईलवर शेरा नाही.

फाईल मी पाहिली. मॅडमनी दाखवली नाही, त्यांच्या टेबलावर उघडी होती. त्यांनी टिपणी लिहून तुमच्याकडं पाठवली आहे. शेवटची ओळ मला पाठ आहे. 'अर्जदाराची आई श्रीमती पद्माबाई या करदाता आहेत किंवा कसे, याबाबत आदेश व्हावेत.' खाली तुमच्या शेऱ्यासाठी जागा सोडली आहे. चांगली चार बोटं जागा. तिथं 'आय' काय, सगळी बाराखडी बसली असती.

त्याला आज एकोणीस दिवस झाले. कॉलेजनं सांगितलं आहे की सोमवारी पाच वाजेपर्यंत फीमाफीचं पत्र आलं नाही तर जागा पुढच्या नावाला जाईल. पोरगी रोज सकाळी आक्काबरोबर हळदीत खुरपायला जाते आहे. फोन कमरेला बांधून. घंटी वाजली की दोघी ओळीत उभ्या राहतात आणि बाकीच्या बायका हात थांबवतात. आजपर्यंत फक्त रिचार्ज संपल्याचेच फोन आले.

आता माझं सांगतो, म्हणजे तुम्हाला कळेल मी हे कुठं बसून लिहितो आहे.

मी तुमच्या ऑफिसच्या कंपाउंडच्या भिंतीसमोर बसलो आहे. मंगळवारी मुंबईहून कोणी मोठे अधिकारी येणार आहेत, म्हणून भिंत रंगवायचं काम निघालं, आणि तुमच्या मॅडमनी मलाच फोन केला. त्यांनी उपकार म्हणून केला असेल. मी नको म्हणणार होतो. त्या म्हणाल्या, बघा बुवा, तुमची फाईल साहेबांपाशीच आहे. मी रंगाचे डबे घेऊन आलो.

मजकूर तुमच्या सहीचा आहे. 'प्रत्येक नागरिक करदाता. प्रत्येक करदाता राष्ट्राचा निर्माता.'

अक्षरं खडूनं आखून झाली. दीड फुटी अक्षर, रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल असं. 'करदाता' दोनदा आलं आहे आणि दोन्हीकडं 'आय' नाही. मी मुद्दाम शब्दाच्या आधीची मोकळी जागा मोजली. दोन अक्षरं आरामात बसतात. पण मजकुरात बदल करायचा नाही असं मॅडमनी सांगितलं आहे, वरून परत येतो म्हणे.

तुमच्या खिडकीतून ही भिंत दिसते. मगाशी तुम्ही पडदा सरकवून पाहिलं, मी शिडीवरून तुम्हाला पाहिलं. तुम्ही अंगठा दाखवलात. छान, असं.

मोठ्या लोकांत म्हणे अजून तोच वाद चालू आहे, आयकर काढून टाकायचा आणि सगळा कर विक्रीवर घालायचा. घाला. काढा. आम्हाला कोण विचारतं. पण ते झालं त्या दिवशी तुमच्या चौदाव्या रकान्यात मालकही होय, प्रतिक्षाचे वडीलही होय, तुम्हीही होय आणि माझी आक्काही होय. मग तुम्ही कोणाला अपात्र कराल? सगळ्यांना तर करणार नाही. तुम्ही नवा शब्द शोधाल, आणि तो असा शोधाल की त्यात परत तिचाच पाय अडकेल. आज ती देणाऱ्यात आहे म्हणून तिला घेता येत नाही. आणि घ्यायला गेली तर देत नाही असं लिहून द्यावं लागतं. ही भिंत नाही साहेब, हा कोंडवाडा आहे, आणि त्याच्या दाराची पाटी माझ्याकडून रंगवून घेता आहात.

मी एक 'षी' गाळला तर माझी मजुरी गेली आणि दुसऱ्या दिवशी मी शिडीवर होतो. तुम्ही 'आय' गाळली. तुमचा पगार गेला का? तुम्ही शिडीवर चढलात का? तुमच्या गाळलेल्या दोन अक्षरांची भरपाई एक खुरपणारी बाई आणि एकोणीस वर्षांची पोरगी काहून करून राहिल्या आहेत?

निळा रंग कालवून ठेवला आहे. ब्रश कोरडा आहे. आज शुक्रवार आहे.

पद्माबाई करदाता आहे, तर पोरगी खरं बोलली. खरं बोलणाऱ्या पोरीला तुम्ही कोणत्या नियमानं काढता तो नियम दाखवा. पद्माबाई करदाता नाही, तर त्या पावतीवरची दुसरी ओळ परत करा, साबणातली, चपलेतली, रिचार्जमधली परत करा, आणि त्या हॉलमध्ये जाऊन त्याच माइकवर सांगा की मी हात जोडले ते चुकून.

दोन्हीतलं एक लिहा. टिपणीखाली चार बोटं जागा सोडलेली आहे. 'बघतो' नको, 'किंवा कसे' नको. सोमवारी पाचच्या आत, तुमच्या अक्षरात, तुमच्या सहीनं.

माझी बहीण करदाता आहे का, साहेब? होय की नाही?